कोरड्या मुळांचा सांगावा

श्रोतेहो, नमस्कार.

परसातला दुधीचा वेल भर दुपारी माना टाकतो आणि संध्याकाळी, कुणी पाणी न घालताही, पुन्हा ताठ होतो. हे तुम्ही पाहिलेलंच आहे, ते समजावत बसत नाही. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. जमिनीतली ओल कमी होऊ लागली की बऱ्याच झाडांत पान सुकण्याच्या आधीच पानावरची बारीक रंध्रं मिटू लागतात. पुन्हा सांगतो, आधी रंध्रं मिटतात, पान नंतर सुकतं. पान टवटवीत असतानाच त्याला कसं कळतं, की खाली माती कोरडी पडत चालली आहे?

पर्णरंध्र म्हणजे राजम्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तशा दोन रक्षक पेशी आणि त्यांच्यामधली फट. बहुतेक पानांवर, विशेषतः खालच्या बाजूला, चौरस मिलिमीटरला शंभरेक तरी रंध्रं सापडतात. सकाळी उजेडातला निळा भाग मिळाला की या पेशी पोटॅशियम आत घेतात, त्यामागे पाणी आत येतं, पेशी फुगतात आणि फट उघडते. पोटॅशियम बाहेर गेलं की पाणीही जातं, पेशी सैल पडतात, फट मिटते. उघड्या फटीतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण त्याच वाटेनं वाफ बाहेर जाते. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९० टक्क्यांहून जास्त पाणी असंच उडून जातं. इथे एक बोलून घेतो. शाळेत या रंध्राची आकृती मुलं दोन गुणांसाठी सुबक काढतात, नावंही देतात. पण ऱ्हिओच्या पानाची साल काढून सूक्ष्मदर्शकाखाली ते प्रत्यक्ष पाहिलेली मुलं किती? सूक्ष्मदर्शक कपाटात कुलपात असतो, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

आता माझा आवडता प्रयोग. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात विल्यम डेव्हिस आणि त्यांचे सहकारी या कोड्यामागे लागले होते. १९८५ साली त्यांनी मक्याची रोपं घेतली आणि प्रत्येक रोपाची मुळं दोन कुंड्यांत वाटली. वर रोप एकच, खाली कुंड्या दोन. एका कुंडीला रोज पाणी, दुसरी सुकू दिली. ओल्या कुंडीतली मुळं रोपाची तहान भागवत होती. पानातलं पाणी मोजलं, ते कमी झालेलं नव्हतं. तरीही रंध्रं मिटू लागली. नीट लक्षात घ्या, पानाला पाणी पुरेसं, तरी रंध्रं मिटतायत.

शंका घेणारा म्हणेल, अर्धी मुळं कोरडी आहेत, पाणी थोडं तरी कमी येत असेल, आपल्या मापात सापडत नसेल. शंका रास्त आहे. तिचा निकाल डेव्हिस आणि सहकाऱ्यांच्याच १९९०च्या प्रयोगात लागला. या वेळी सफरचंदाची रोपं होती. पुन्हा मुळं दोन कुंड्यांत, एक ओली, एक कोरडी. या वेळी पानांची वाढ मोजली, आणि ती मंदावली. मग काही रोपांच्या कोरड्या कुंडीत पाणी घातलं. वाढ पूर्ववत झाली. यात नवल काहीच नाही, आणि शंकेचं उत्तरही नाही. पाणी वाढलं म्हणून वाढ सुधारली, असं कुणीही म्हणेल.

पण उरलेल्या रोपांचं त्यांनी काय केलं? कोरड्या कुंडीतली मुळं सरळ कापून टाकली! विचार करा. पाणी कमी पडतंय म्हणून पानं आखडली असतील, तर मुळं कापल्यावर त्यांचं भलं होण्याचं कारणच नाही. पाणी ओढणारी मुळं काही वाढली नाहीत, उलट होती त्यातलीच गेली. आणि घडलं काय? पानं पुन्हा वाढू लागली. मुळं कापली आणि पानं वाढू लागली. म्हणजे कोरड्या मुळांकडून पानांना काहीतरी येत होतं. पाण्याची उणीव त्यांना अडवत नव्हती. मुळांकडून येणारा सांगावा अडवत होता, आणि मुळं गेल्याबरोबर तो थांबला. कात्रीच्या एका घावात एवढा मोठा निकाल! यंत्रासाठी कोटींचे प्रस्ताव करणाऱ्यांनी आधी असा प्रश्न शोधावा, असं माझं ठाम मत आहे.

या सांगाव्यात महत्त्वाचं रसायन म्हणजे अ‍ॅब्सिसिक आम्ल. १९६०च्या दशकात फ्रेडरिक अ‍ॅडिकॉट यांच्या गटाला ते कॅलिफोर्नियात कपाशीच्या गळून पडणाऱ्या कोवळ्या बोंडांत सापडलं. आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला पातेगळ आणि बोंडगळ काय असते ते सांगायला नको. पुढे कळलं, की गळ घडवण्यात मोठा वाटा झाडातच तयार होणाऱ्या इथिलीन वायूचा असतो. या आम्लाचं खरं राज्य पाण्याच्या टंचाईत. गव्हाचं पान सुकू दिलं की त्यातलं हे आम्ल अनेक पटींनी वाढतं, हे १९६९ साली दिसलं. आम्ल रक्षक पेशीला भिडलं की काही मिनिटांत क्लोराइड बाहेर, पोटॅशियम बाहेर, पाणी बाहेर, आणि फट बंद.

मग हे आम्ल मुळांतून वर येतं का? इथे गोष्ट वळण घेते. आम्ल पुरेसं बनवू न शकणाऱ्या टोमॅटोच्या मुळांवर चांगल्या टोमॅटोचं कलम बांधून पाहिलं, तर माती सुकल्यावर रंध्रं तरीही मिटली. आम्ल पानातच तयार होत होतं. २०१८ साली जपानी शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात दाखवलं, की तहानलेली मुळं एक इवलंसं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखाच पण खूप छोटा रेणू, वर पाठवतात आणि ते पोचलं की पान स्वतःच आम्ल बनवतं. थोडक्यात, मुळं सांगतात, पान आम्ल बनवतं, रंध्र मिटतं.

द्राक्षवाल्यांनी इकडे कान द्यावा. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये ब्रायन लव्हीज आणि पीटर ड्राय यांनी १९९०च्या दशकात वेलीच्या एकाच बाजूला पाणी देऊन दुसरी सुकू दिली, आणि काही दिवसांनी बाजू बदलली. पाणी जवळपास निम्मं लागलं, उत्पन्न फारसं घटलं नाही, आणि शेंड्यांची फाजील वाढ आवरली. शेंडे खुडण्यात मजुरीचे किती पैसे जातात, हे नाशिक-सांगलीत कुणालाही विचारा.

अनेक बागांत वेलीच्या दोन्ही बाजूंना ठिबकची नळी असते. पण दोन्हींना कॉक एकच असतो, तो वेगळा हवा. आणि ते ऑस्ट्रेलियातलं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. मुरमाड जमिनीत कोरडी बाजू लवकर सुकते, भारी काळ्या जमिनीत ओल खोल धरून राहते. बाजू कधी बदलायची ते खुरप्यानं माती उकरून, हातात घेऊन ठरवा. करायचंच तर आधी एकाच ओळीवर करा, आणि शेजारची ओळ नेहमीच्या पाण्यावर ठेवा, म्हणजे ताडून पाहता येईल.

नमस्कार.