सातबारा बघितला, पण फेरफार कुणी बघायचा?

(धुळ्यात निवृत्त शिक्षकांसमोर एका वकिलाने केलेलं व्याख्यान, थोडं कापून)

मागे नाना-आप्पा मंडळी बसलीयेत, आवाज येतोय ना? बरं. जमीन घेऊ नका असं सांगायला मी आलेलो नाही, वकिलाचं पोट तुमच्या खरेदीवरच चालतं. पण 2024 च्या सप्टेंबरात मनमाड-इंदूर रेल्वेला मंजुरी मिळाली, 309 किलोमीटरची लाइन, आणि तेव्हापासून धुळे-शिरपूर पट्ट्यात ज्याला त्याला स्टेशन आपल्याच प्लॉटसमोर दिसायला लागलंय. एजंट मोबाइलवर लाल रेघ मारलेला नकाशा दाखवतो आणि म्हणतो, आप्पा, बठ्ठं क्लियर शे, सातबारा बघा आणि टोकन देऊन टाका.

आता सातबाऱ्यावर आपण नाव बघतो, क्षेत्र बघतो, झालं. अहो तो महसुलाचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. 'भोगवटादार वर्ग 2' दिसलं की तिथेच थांबायचं. ती जमीन वतनाची, सरकारने दिलेली किंवा सीलिंगमध्ये, म्हणजे कमाल मर्यादेवरची काढून घेऊन, वाटलेली असू शकते, कलेक्टरच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. मग 'इतर हक्क' हा रकाना वाचा, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं म्हणजे जमीन कसणाऱ्याचं नाव तिथेच सापडतं. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर आणि सगळा नंदुरबार जिल्हा, इथे तर आधी हे बघायचं की जमीन आदिवासीची आहे का. महसूल संहितेच्या 36अ कलमाने बिगरआदिवासीला ती परस्पर घेता येत नाही, कलेक्टरची मंजुरी लागते आणि त्याआधी सरकारची मान्यता. कुणी म्हणेल आपण मुखत्यारपत्र करून घेऊ. मुखत्यारपत्राने मालकी येत नाही, सुप्रीम कोर्टाने 2011 मध्येच स्पष्ट सांगितलंय.

आणि फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव कधी, कसं बदललं याची नोंद. सातबाऱ्यावर ते गोलातले आकडे असतात ना, ते एकेक काढून मागे मागे जायचं, तीस वर्षं तरी. माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, दोघं नोकरीवाले, रिटायरमेंटचा पैसा टाकून हायवेलगत जमीन घेतली. कागद छान, रजिस्ट्री झाली, कुंपण झालं. मी फेरफार काढला तर वडिलोपार्जित जमिनीला वडिलांच्या मागे वारस म्हणून फक्त दोन भाऊ आणि आई. बहिणी तीन, त्यातल्या दोन जळगावलाच दिलेल्या, पण फेरफारात एकीचंही नाव नाही. विचारलं तर उत्तर काय, त्यांचं लग्नात दिलं! कायद्यात असलं काही नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क आहे आणि 2005 ला वडील हयात असायलाच पाहिजेत असं नाही, हे 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं. बहिणींनी दावा लावलाय, जोडपं तारखांना येतंय. बहिणींनी हिस्सा सोडल्याचं रजिस्टर हक्कसोड आधीच मागितलं असतं तर भावांनी नखरे केले असते, पण ते नखरे टोकनच्या आधी झालेले बरे.

आता गुंठ्यांचं, इथे हात वर करा म्हटलं तर अर्धा हॉल हात वर करेल. जिरायतीला वीस गुंठ्यांच्या खाली तुकडा पडत नाही, म्हणून एजंट वीस गुंठ्यांचं एकच खरेदीखत दहा जणांच्या नावावर करतो आणि प्रत्येकाला वेगळा 500 च्या स्टॅम्पवर नोटरी कागद देतो की तुझा पूर्वेचा कोपरा. सातबाऱ्यावर मात्र दहा नावं सामाईक, कोपरा कुणाचाच नाही. बांधकाम परवानगी नाही, बँक दारात उभी करत नाही, विकायला गेलात तर गिऱ्हाईक बाकीच्या नऊ जणांना शोधत फिरतं. तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे असे छोटे तुकडे पाडायची बंदी, सरकारने सैल केलीय हे खरं, पण तुमचा तुकडा त्यात बसतो का हे तहसीलला जाऊन विचारा, एजंटला नाही. शिवाय तुम्ही शेतकरी नसाल तर कुळकायद्याच्या 63 कलमाने शेतजमीन परवानगीशिवाय तुमच्या नावावर होतच नाही.

एनए म्हणजे बिगरशेती प्लॉटिंग असेल तर त्याचा रेरा नंबर, म्हणजे बिल्डर-प्लॉटवाल्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडचा नोंदणी नंबर, रेराच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. 500 चौरस मीटरच्या वरच्या लेआउटला नोंदणी लागतेच, आणि करार रजिस्टर होण्याआधी दहा टक्क्यांच्या वर पैसे मागणं त्यांना चालत नाही.

त्या ताईंचा प्रश्न, कॅश द्यायची का. वीस हजार किंवा जास्त कॅश घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. म्हणजे तो अडकतो, तुम्ही नाही, असं वाटेल. पण कॅशची पावती तो देणार नाही, खरेदीखतावर रक्कम कमी पडणार, आणि उद्या ती जमीन रेल्वेत गेली तर मोबदला मागताना तो ब्लॅकचा पैसा तुम्ही कुठल्या कागदावर दाखवणार?