संगणक नेमका कशासाठी थांबतोय?

(सांगलीत विश्रामबागेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. "दादा, कॉम्प्युटर लई स्लो झालाय, नवीनच घेऊ का?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: तो कशासाठी थांबतोय ते आधी बघू.

मार्केट यार्डाजवळ राहणारे हळदीचे एक अडते आहेत. मुलाच्या बारावीसाठी पन्नास हजारांपर्यंतचं नवीन मशीन सांगा म्हणाले. घरी गेलो आणि आहे ते मशीन चालू केलं. डेस्कटॉप दिसायलाच चार मिनिटं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १२ टक्के, मेमरी ६० टक्के, डिस्क १०० टक्के. तो शंभराचा आकडा हलेचना. म्हणजे प्रोसेसर मोकळा बसला होता आणि डिस्ककडून फायली यायची वाट बघत होता.

जुन्या हार्डडिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते, बहुतेक डेस्कटॉपमध्ये मिनिटाला ७२०० फेरे. तिच्यावरून एक बारीक सुई पुढेमागे सरकते. विखुरलेल्या फायली शोधायच्या म्हटलं की सेकंदाला साधारण शंभर जागांच्या पलीकडे तिची धाव जात नाही. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी नव्या प्रकारची डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, ती सेकंदाला हजारो जागा वाचते. विंडोज सुरू होताना असंख्य छोट्या फायली लागतात, म्हणून फरक तिथे डोळ्यांना दिसतो.

कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पात्यांमध्ये पिवळट धुळीचा थर बसलेला. ब्रशनं ती झाडली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट बदलली, एसएसडी बसवली, विंडोज नव्यानं टाकलं. चार मिनिटांचं काम पाऊण मिनिटाच्या आत आलं. पन्नास हजार वाचले. रॅम, म्हणजे ती मघाची मेमरी, ८ जीबी होती, ती पुरली. ४ जीबी असती तर तीही वाढवायला सांगितलं असतं.

आता विंडोजचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणजे त्याचे सिक्युरिटी अपडेट नेहमीसारखे येणं थांबलं. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग मशीनमध्ये लागतो, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. पिढी ओळखणं सोपं आहे. आय५-८४०० मध्ये डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी, आय५-१०४०० मध्ये १० म्हणजे दहावी. अडत्यांचा ८४०० निघाला, त्यामुळे तिथे प्रश्न मिटला.

माझ्या मावसबहिणीचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ ला न चालणारा, आणि रॅम डीडीआर३ या जुन्या प्रकारची. तिला मी स्पष्ट सांगितलं, यात रॅमचे पैसे घालू नकोस. डीडीआर३ ची खाच वेगळी असते, त्यानंतरच्या डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये ती बसतच नाही. प्रोसेसर बदलायचा म्हटला की मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते, मग जुनं उरतं काय? कॅबिनेट. नुसतं यूट्यूब आणि मेल बघायचं असतं तर त्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकून दिलं असतं. पण ती पत्रिका आणि प्रश्नपत्रिका टाइप करून देते, तिची जुनी मराठी फॉन्टची सॉफ्टवेअरं विंडोजवरच चालतात, बँकेचे व्यवहारही त्यावरच. तिनं नवीन घ्यावं, असंच माझं मत पडलं. सिक्युरिटी अपडेट नसलेल्या मशीनवर बँक उघडणं मला मान्य नाही.

एसएसडीबद्दल हात आखडता घेऊ नका, असं मी म्हणतो त्याचं कारण सांगतो. साटा एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कसारखी केबलनं जोडायची, उद्या नव्या मशीनमध्ये जोडता येते. जुनी रॅम नव्या मशीनमध्ये बहुतेक वेळा बसत नाही.

आणि कुठलाही स्क्रू काढण्याआधी फोटो आणि हिशेब दुसरीकडे उतरवून घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर चिखलानं भरलेल्या हार्डडिस्क घेऊन माणसं माझ्याकडे यायची. मशीनची कोणालाच फिकीर नव्हती. लग्नाचे, बाळाचे फोटो तेवढे काढून द्या म्हणायची. बऱ्याच जणांचे मला देता आले नाहीत.

अडत्यांच्या मशीनमधून काढलेल्या हार्डडिस्कला मी यूएसबीची केस लावून दिली. आता महिन्यातून एकदा मुलगा ती जोडतो, हिशेब आणि फोटो उतरवतो आणि वरच्या मजल्यावरच्या कपाटात परत ठेवतो.