दोन पानं, सात नावं

(दृश्य: ग्रंथालयातला जुना बांधीव खंड. पानं उलटणारा हात.)

3 मे 1952 चा ‘लॅन्सेट’, म्हणजे ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिक. पान 903, ‘बॉम्बे’ नावाच्या दुर्मिळ रक्तगटाची पहिली ओळख करून देणारा लेख. शीर्षकात ‘नवा’ हा शब्द अवतरण चिन्हांत घातलाय, म्हणजे लिहिणाऱ्यांनीच तो जरा जपून वापरलाय. पान उलटलं की 904 वर लेख संपतोही.

नावं मात्र सात. भेंडे, देशपांडे, भाटिया. मग सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स. पहिले तिघं मुंबईतल्या परळच्या केईएम रुग्णालयाचे, बाकीचे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारे. रेस आणि सँगर म्हणजे रक्तगटांच्या दुनियेतली तेव्हाची बडी मंडळी. तरी क्रम बघा. मुंबईकर आधी.

(दृश्य: केईएमचं फाटक, केसपेपरची रांग.)

सुरुवात झाली ती क्रॉसमॅचच्या, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाला चालेल का ते पाहणाऱ्या तपासणीच्या घोळातून. एक माणूस रेल्वेच्या अपघातात जखमी झालेला, दुसरा सुऱ्याने भोसकलेला. तपासणीत दोघंही ‘ओ’ वाटत होते, पण ‘ओ’चं रक्त काही त्यांना चालेना. 160 हून जास्त दात्यांचे नमुने लावून झाले. शेवटी याच शहरात एक जण सापडला, ज्याचं रक्त दोघांशीही जुळलं.

(दृश्य: नळ्यांचा स्टँड, अगदी जवळून.)

तंत्रज्ञांनी तीच चाचणी आमच्यासमोर करून दाखवली. पहिल्या नळीत रुग्णाच्या लाल पेशी आणि अँटी-ए, म्हणजे ए गटाच्या पेशींची गुठळी करणारा द्रव. दुसरीत अँटी-बी. फिरवून काढल्या, हलकेच झटकल्या. तळाचा लाल ठिपका धुरासारखा विरघळत वर आला. गुठळी नाही. इथे थांबलात तर कागदावर ‘ओ’ लिहून मोकळे व्हाल. आता उलटी तपासणी: रुग्णाचा सिरम, म्हणजे रक्तातला पेशी नसलेला द्रव, आणि ‘ओ’ गटाच्या माणसाच्या पेशी. नळी झटकली... ठिपका हललाच नाही. एकसंध, घट्ट गोळा. शेवटची नळी अँटी-एचची (एच म्हणजे काय, ते पुढे). हा अर्क युलेक्स नावाच्या युरोपातल्या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. ‘ओ’च्या पेशी त्यात लगेच गोळा होतात. या रुग्णाच्या पेशी मात्र ढिम्म.

(दृश्य: फळ्यावर खडूने काढलेली आकृती.)

आपल्या लाल पेशीवर साखरेच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडली की एच तयार होतो. त्यावर एक साखर चढली तर ए, दुसरी चढली तर बी, कुठलीच चढली नाही तर ‘ओ’. म्हणजे एच हा पाया, आणि इथे पायाच नाही. जनुक ए किंवा बी बनवायला तयार असलं तरी मजला चढवायचा कशावर? शिवाय एच शरीराच्या ओळखीचा नाही, म्हणून शरीर त्याच्याविरुद्धही प्रतिपिंडं बनवतं. त्यामुळे ‘सर्वांना चालणारं’ म्हणून मिरवणारं ‘ओ’ रक्त यांच्यासाठी घातक.

दडलेला ए किंवा बी पुढच्या पिढीत मात्र उगवतो. 1955 मध्ये फिलिप लेव्हिन यांच्या गटाने एका कुटुंबात हे दाखवलं आणि एका जनुकाने दुसऱ्याला झाकण्याचं हे उदाहरण जनुकशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसलं.

(दृश्य: लिफ्ट. मग तेरावा मजला.)

सातांमधल्या भाटियांनी हा विषय सोडला नाही. 1957 मध्ये सुरू झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्राची पुढे इम्युनोहिमॅटॉलॉजीची, म्हणजे रक्त आणि प्रतिकारशक्ती यांच्या अभ्यासाची संस्था झाली, तिचे ते संचालक झाले. 1974 मध्ये त्यांनी साठे यांच्यासोबत आकडा छापला: मुंबईत साधारण 7,600 माणसांत एक जण या गटाचा. युरोपात तो दहा लाखांत एकाच्या आसपास धरतात.

(दृश्य: संगणकाचा पडदा, ‘बॉम्बे फेनोटाइप’, म्हणजे या रक्तगटाचं शास्त्रीय नाव, असा शोध.)

हल्ली संशोधकाचं मोल उद्धरणांवर, म्हणजे त्याच्या लेखांचा इतरांनी किती वेळा दाखला दिला यावर करतात, त्यावरून एच-इंडेक्स नावाचा आकडा काढतात. (तो एच वेगळा, बरं का.) पण एखादी गोष्ट सगळ्यांचीच झाली की मूळ लेखाचा दाखला द्यायची गरज कुणाला वाटत नाही. कुणी इन्सुलिनसाठी 1922 चा लेख उद्धृत करत बसतं का? भेंड्यांचंही तसंच झालं. शोधाला त्यांचं नाव लागलं नाही, गावाचं लागलं. 1995 मध्ये गावाचं नाव बदललं. हायकोर्ट राहिलं, आयआयटी राहिली आणि रक्तगटही बॉम्बेच राहिला. देशपांडे कोण, हे आम्ही वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात सहा विद्यार्थ्यांना विचारलं. सहाही हसले.

असे दाते आज याद्यांमधून, फोनवरून शोधले जातात आणि पिशवी एका गावातून दुसऱ्या गावाला जाते.

(दृश्य: फलाटावर थर्मोकोलची पेटी. झाकणावर मार्करने लिहिलेलं ‘बॉम्बे’. निवेदन नाही.)