चाळीस सेंटांचा हिशेब

मंडळी, अमेरिकेतल्या शाळांत दुपारच्या जेवणाचे तीन भाव असतात: फुकट, सवलतीचा आणि पूर्ण. कोणत्या मुलाला कोणता भाव, हे बऱ्याच ठिकाणी घरच्या उत्पन्नावर ठरतं. १९४६ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी सही केलेल्या कायद्यातून ही योजना उभी राहिली.

आजचा नियम असा. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण फुकट, त्याच्या वर १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. २०२५-२६ च्या शालेय वर्षासाठी चौघांच्या कुटुंबाला हे आकडे ४१,७९५ आणि ५९,४७८ डॉलर आहेत. उत्पन्न धरतात ते ग्रॉस, म्हणजे कर कापायच्या आधीचं. हातात किती पडलं, भाड्यात किती गेलं, हे कोणी विचारत नाही. अलास्का आणि हवाई सोडले तर सगळ्या राज्यांना रेषा एकच. मिसिसिपीतल्या खेड्यात आणि सॅन फ्रान्सिस्कोत त्याच पगारावर घर चालवणं सारखंच, असं धरून हा हिशेब केलेला आहे. मला हे अजिबात पटत नाही.

पण त्याहून जास्त खटकतो तो मधला, सवलतीचा भाव. यात मुलाकडून जास्तीत जास्त ४० सेंट घेता येतात. केंद्र सरकार शाळेला फुकट जेवणामागे जे अनुदान देतं, त्यापेक्षा सवलतीच्या जेवणामागे बरोबर ४० सेंट कमी देतं. म्हणजे ही सगळी छाननी, खाती, थकबाकीची पत्रं चालतात ती एवढ्यासाठी. शाळेचे १८० दिवस धरले तर एका मुलाचे वर्षाला ७२ डॉलर. तीन मुलं असलेल्या, तासावर काम करणाऱ्या आईला ते जड जातात.

आणि थकले की काय होतं? मूल ट्रे घेऊन रांगेतून पुढे येतं, कीपॅडवर आपला नंबर दाबतं, खात्यात पैसे नाहीत असं दिसतं. कित्येक शाळांत अशा वेळी तो गरम जेवणाचा ट्रे काढून घेत आणि थंड चीज सँडविच हातात देत. काढून घेतलेलं अन्न कचऱ्यात जाई, कारण एकदा वाढलेलं दुसऱ्याला देता येत नाही. मागे उभी असलेली सगळी मुलं हे बघत असतात. न्यू मेक्सिकोने २०१७ साली कायदा करून हा प्रकार बंद केला. बाकी काही राज्यांनी नंतर तीच वाट धरली.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी वाढताना बापाचा पगार विचारत नाहीत. सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवीचं जे मूल पंगतीला बसलं, ते जेवलं. त्या खिचडीच्या दर्जाबद्दल भांडायला भरपूर जागा आहे, पण पंगतीत भेद नाही. इथे अमेरिकेतही कोविडच्या काळात, २०२२ च्या जूनपर्यंत, शाळांना सर्वांना फुकट जेवण देता येत होतं. मग केंद्राने ती सूट संपवली. कॅलिफोर्निया आणि मेन यांनी मात्र आपल्या पैशांतून ते चालू ठेवलं, आणि पुढे मिनेसोटा, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स अशी राज्यं त्यांना येऊन मिळाली.

तुमच्या राज्यात ही सोय नसेल, तर फुकट किंवा सवलतीच्या जेवणाचा फॉर्म भरा. हे मी विशेषतः ज्यांची नोकरी गेली आहे त्यांना सांगतोय. फॉर्म वर्षात कधीही देता येतो, आणि बघतात ते सध्याचं उत्पन्न, गेल्या वर्षीचं नाही. एकदा मंजूर झालं की नोकरी परत लागली तरी ते शालेय वर्षभर टिकतं. तुमच्याच घरात, एकाच खर्चात राहणारे आजी-आजोबा कुटुंबात मोजा, कारण माणसं वाढली की उत्पन्नाची मर्यादाही वाढते. नागरिकत्व किंवा व्हिसा विचारत नाहीत. सही करणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे, म्हणजे इथल्या सरकारी ओळख क्रमांकाचे, शेवटचे चार आकडे लागतात. नंबर नसेल तर त्यासाठी वेगळा चौकोन आहे, त्यात खूण करा.