खुर्चीपाशी आलेली गोळी

(दृश्य: अलाबामा. मेकन काउंटीतली कापसाची शेतं, मातीचा रस्ता.)

निवेदन:
वैद्यकीय संशोधन करणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. लोक मिळत नाहीत, आणि मिळाले तर अर्ध्यात सोडून जातात.

मेकन काउंटीतल्या टस्कीगी गावात तसं झालं नाही. १९३२ साली अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्यानं इथले ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. उपचार न केल्यास तो कसा वाढत जातो, याचा अभ्यास चालला ४० वर्षं.

इतकी वर्षं ही माणसं टिकली कशी? तपासणी फुकट. त्या दिवशीचं जेवण फुकट, न्यायला-आणायला गाडी. मेल्यावर दफनाचा खर्च मिळायचा, बदल्यात शवविच्छेदनाला संमती द्यायची. आणि मध्ये युनिस रिव्हर्स ही परिचारिका, त्यांच्यातलीच, घरोघरी ओळखीची. आजाराचं नाव कुणाला सांगितलं नाही. ‘तुमचं रक्त बिघडलंय’, एवढंच. पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं, तेही ‘खास मोफत उपचार’ म्हणून. १९४७च्या सुमारास पेनिसिलिन हा सिफिलिसवरचा सर्रास उपाय झाला होता. या माणसांना मात्र ते मिळू दिलं नाही. १९७२च्या जुलैमध्ये वर्तमानपत्रांत बातमी फुटली, तेव्हा कुठे हे थांबलं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ साली.

आजही संशोधनात कृष्णवर्णीय कमी का, असं विचारलं की टस्कीगीचा दाखला निघतो. म्हणतात, ‘त्या लोकांचा विश्वासच नाही.’ पण टस्कीगीत विश्वास होता की! घात झाला तो त्या विश्वासाचाच. आणि दोष आजही त्यांच्याच स्वभावाला.

२००६ साली संशोधक डेव्हिड वेंडलर आणि सहकाऱ्यांनी २० अभ्यासांमधल्या ७० हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. विचारल्यावर होकार देण्यात गोरे आणि अल्पसंख्याक यांच्यात फारसा फरक निघाला नाही. लोकांची मनं वळवत बसू नका, आधी त्यांना संशोधनात येण्याची वाट द्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. तसा १९९३चा कायदा आहेच. सरकारी पैशावरच्या संशोधनात स्त्रिया आणि अल्पसंख्याक घ्यायलाच हवेत. पण त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं, हे कायदा कसं सांगणार?

(दृश्य: लॉस एंजेलिस. बार्बर शॉप. कात्रीचा आवाज, गप्पा.)

सीडर्स-सायनाय रुग्णालयाचे डॉ. रोनाल्ड व्हिक्टर या दुकानांत पोचले. ५२ दुकानं, ३१९ कृष्णवर्णीय पुरुष. सगळे नेमानं केस कापायला येणारे, सगळ्यांचं वरचं ब्लड प्रेशर १४० किंवा त्याहून जास्त.

कुठल्या दुकानात काय करायचं, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. काही दुकानांत बार्बर सांगायचा, ‘खाण्यापिण्याकडे बघ, डॉक्टरकडे जा.’ बाकीच्या दुकानांत फार्मासिस्टच यायचे. गिऱ्हाइकाच्या डॉक्टरांशी आधीच ठरलेलं असायचं, त्यामुळे प्रेशर मोजून औषध तिथल्या तिथे लिहून मिळायचं. त्यात अम्लोडिपिनही होतं, आपल्याकडे घरोघरी दिसतं तेच.

निकाल २०१८च्या मार्चमध्ये छापून आला. सहा महिन्यांत, फार्मासिस्ट येत होते त्या दुकानांत वरचं प्रेशर सरासरी १५३वरून १२६वर आलं. नुसता सल्ला होता तिथे १५५वरून १४५वर. हे नऊ-दहा अंक केवळ बार्बरच्या सांगण्यानं उतरले असं कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण त्याच्या शब्दाला त्या दुकानात वजन आहे हे खरं. आणि सहा महिने टिकले ९५ टक्के लोक. या वेळी टिकणाऱ्यांना आजाराचं नाव ठाऊक होतं.

वर्षभरानंतर मोजलं तेव्हाही उतरलेलं प्रेशर खालीच होतं. डॉ. व्हिक्टर २०१८च्याच सप्टेंबरमध्ये वारले.

अडचण होती ती फार्मासिस्टच्या वेळेची. एका दुकानातून दुसऱ्यात जायचं म्हणजे लॉस एंजेलिसचा ट्रॅफिक. म्हणून डॉ. व्हिक्टर यांच्या सहकाऱ्यांनी पुढे काही भेटी व्हिडिओ कॉलवर घेऊन पाहिल्या. गिऱ्हाईक मात्र दुकानातच.