ऐपतीचे कागद

[दृश्य: डिचोलीतलं जुनं कौलारू घर. ओटीवर टेबल, टेबलावर फाइलींचा ढीग.]

या घरात एक निवृत्त शिक्षक जोडपं राहतं. सर हायस्कूलचे मुख्याध्यापक होते, बाई प्राथमिक शाळेत. मुलगी पोर्तुगालमध्ये, ब्रागा शहरात नोकरीला आहे आणि नात यंदा तिथल्या शाळेत जायला लागलीय. पर्यटक व्हिसावर तिकडे 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. दोघांना त्याहून जास्त राहायचंय. म्हणून त्यांनी दीर्घ मुक्कामाच्या व्हिसाची फाइल तयार करायला घेतली. पेन्शन, भाडं, व्याज अशा घरबसल्या येणाऱ्या उत्पन्नावर जगणाऱ्यांसाठीचा हा व्हिसा डी-7 म्हणून ओळखला जातो.

आता गोव्यात पोर्तुगालचं नाव काढलं की समोरचा हमखास विचारतो, मग लिस्बनला जन्म नोंदवून का नाही टाकत? 19 डिसेंबर 1961 पूर्वी, म्हणजे गोवा मुक्त होण्याआधी, इथे जन्मलेल्यांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो, त्यांच्या मुला-नातवंडांनाही. गोव्यातून कितीतरी घरं त्या वाटेने गेली. सरांचा जन्म 1960 चा, म्हणजे ती वाट त्यांनाही मोकळी आहे. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला की भारतीय गेला, मतदानही गेलं. पुढे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड काढून येण्या-राहण्याची सोय होते, शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. सरांचं उत्तर एका वाक्यात संपतं: "अहो, मला नातीकडे जायचंय, राष्ट्र कशाला बदलू?"

मुलीने आईवडिलांना बोलावून घ्यायचं म्हटलं, तर ते आपल्यावर अवलंबून आहेत असं तिला दाखवावं लागेल. दोघांनाही सरकारी पेन्शन. अवलंबून कसले? तेव्हा जायचं ते स्वतःच्या ऐपतीवर.

[दृश्य: वहीत पेन्सिलीने मांडलेला हिशेब.]

ही ऐपत किती, ते पोर्तुगालच्या किमान वेतनावर ठरतं. 2025 साली ते महिना 870 युरो होतं. मुख्य अर्जदाराला तेवढं उत्पन्न हवं, जोडीदारासाठी त्याच्या निम्मं आणखी. म्हणजे दोघांचे 1,305 युरो. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर महिना सुमारे 1 लाख 30 हजार. दोघांची पेन्शन मिळून नव्वद हजारांच्या घरात जाते. उरलेले चाळीस हजार कुठून दाखवायचे?

दाखवायचे हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण पैशाची वानवा या घरात कधीच नव्हती. वाळपईच्या बाजूला वडिलोपार्जित कुळागर आहे. सुपारी, नारळ, मिरी, केळी. मुलीचं इंजिनिअरिंग याच सुपारीवर झालं. पण ती विकली गेली कधी दारात आलेल्या व्यापाऱ्याला रोखीने, कधी बागायतदार संस्थेत. संस्थेच्या पावत्या बाईंनी जपून ठेवल्यात, पिवळ्या पडलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या. व्यापाऱ्याच्या रोखीचा मागमूस नाही. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून विवरणपत्रातला तो रकाना दरवर्षी कोराच सोडला गेला. तीन पिढ्यांना पोसणारं कुळागर व्हिसाच्या टेबलावर शून्य भरतं. बाईंच्या सोन्याचं तेच. पतसंस्थेतल्या ठेवी आहेत, पण तिची हाताने भरलेली पासबुकं परदेशी अधिकाऱ्यापुढे टिकणार नाहीत, असं व्हिसाच्या सल्लागाराने सांगितलं. त्या ठेवी मुदत संपेल तशा राष्ट्रीयीकृत बँकेत आणल्या गेल्या.

मग उरलं भाडं. बाईंच्या माहेरची हरमलला जागा आहे. गोव्याच्या कायद्यात मुलीला मुलाइतकाच वाटा, त्या वाट्याने आलेली. पूर्वी तिथे हंगामात परदेशी पाहुणे राहायचे. तेव्हा परदेशी माणसाला खोली दिली की 24 तासांत सरकारी नोंदीचा सी फॉर्म भरावा लागायचा, तो सर इमानेइतबारे भरायचे. पाहुण्याच्या पासपोर्टाची, व्हिसाची प्रत स्वतः तपासून घ्यायचे. भाडं मात्र रोख, सहा महिन्यांचं एकदम.

इथे जरा थांबून दुसरी बाजूही सांगायला हवी. हरमल-मोरजीला वर्षानुवर्षं येणाऱ्या त्या पाहुण्यांनाही भारतात म्हातारपण काढण्यासाठी असा पेन्शनवरचा व्हिसा नाही. नोकरीचा व्हिसा हवा तर काही ठरावीक कामं वगळता वर्षाला 16 लाख 25 हजारांच्या वर पगार दाखवावा लागतो. कागद मागण्यात आपणही कुणाला हार जात नाही.

हरमलच्या जागेत आता पुण्याचं एक जोडपं राहतं. दोघंही आयटीत, घरून काम करणारे. करार झाला, भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत बँकेत जमा होऊ लागलं. ठेवींचं व्याज त्यात मिळवलं आणि चाळीस हजारांची खिंड बुजली.

[दृश्य: सल्लागाराचं ऑफिस, म्हापसा. बँक स्टेटमेंटवर फिरणारा पिवळा मार्कर.]

सल्लागार तरुण आहे. मार्कर घेऊन तो ओळीओळीवरून जातो. पेन्शन, पिवळी. भाडं, पिवळं. एका ओळीवर मार्कर अडतो: तीन लाख रुपये, एकरकमी जमा. "सर, हे काय?" भावाने जुनं उसनं परत केलेलं. मग भावाचं पत्र, भावाच्या खात्याचा उतारा, दोन्ही फाइलीत. अर्जाच्या तोंडावर अचानक फुगलेलं खातं संशय ओढवून घेतं. चार दिवसांसाठी खात्यात पैसे ठेवून देणारे दलालही बाजारात आहेत. तसं करू नये, फाइल तिथेच आपटते. ब्रिटनच्या कामगार व्हिसात तर रक्कम किती दिवस पडून होती तेच मोजतात: 1,270 पौंड, सलग 28 दिवस, मध्ये एक दिवसही खाली न जाता.

आणि मग निघालं विवरणपत्रांचं कोडं. करार एकाच जागेचा, भाडं एकच, पण सरांच्या विवरणपत्रात ते निम्मं आणि बाईंच्या विवरणपत्रात निम्मं. ही चूक नाही. पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे गोव्यात नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते, म्हणून आयकर कायद्यानुसार (1961 च्या कायद्यात कलम 5अ) पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत समान वाटलं जातं. पेन्शन पगारात मोडते, ती ज्याची त्याच्या नावावर राहते. उरलेल्या भारतातल्या चार्टर्ड अकाउंटंटलाही हे कधीकधी समजावून सांगावं लागतं. गंमत अशी, की ज्या देशाचा हा कायदा, त्याच देशाच्या व्हिसा अधिकाऱ्यासाठी सरांना तो उलगडून सांगणारं पत्र सीएकडून घ्यावं लागलं.

बाकीचे कागद तुलनेने सरळ. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलिस दाखला, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का. विवाहाच्या दाखल्यावरही अपॉस्टिल. आरोग्य विमा. राहण्याची सोय म्हणून मुलीचं हमीपत्र. सरांच्या जन्मनोंदीत आडनाव 'कामोतिम' आणि पासपोर्टात 'कामत', तेव्हा दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र. जुन्या नोंदी असलेल्या गोंयकारांना हे नवीन नाही.

वर्षभराची रक्कम, दोघांची मिळून 15,660 युरो, तिथल्या बँकेत आधीच असली तर बरं, असं सल्लागाराचं मत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पण एप्रिल 2025 पासून 10 लाख रुपयांच्या वरच्या भागावर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, तोवर पैसे अडकतात. सरांनी आपल्या आणि बाईंच्या खात्यातून निम्मे-निम्मे पाठवले. कापणी शून्य.

[दृश्य: पणजी. व्हिसा केंद्राबाहेर सर आणि बाई, हातात फाइल.]

फाइल इथे दिली जाते, निर्णय होतो तो पोर्तुगीज अधिकाऱ्यांकडे. व्हिसा मिळाला तर तो चार महिन्यांचा असतो. तेवढ्या अवधीत तिकडे पोचून निवास परवाना घ्यायचा, दोन वर्षांचा. त्या दोन वर्षांत सलग सहा महिने किंवा तुकड्यातुकड्याने आठ महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहिलात तर परवाना धोक्यात. मूळ बेत होता वर्षातले काही महिनेच तिकडे राहायचा, तो इथे उलटतो. बाईंनी कॅलेंडर काढून हिशेब केलाय. चवथ, म्हणजे गणपती, दोन्ही वर्षी घरी. सुपारीची काढणी एकाच वर्षी. शिगमा सोडावा लागेल, याला सरांची अजून मान्यता नाही.

परवाना वाढवताना उत्पन्न पुन्हा दाखवायचं, आणि ते त्या वर्षीच्या किमान वेतनाप्रमाणे. 2024 मध्ये 820, 2025 मध्ये 870, 2026 मध्ये 920 युरो. हरमलचा करार अकरा महिन्यांचा आहे, तो तोवर संपलेला असेल. म्हणून आता तीन वर्षांचा करार करून सब-रजिस्ट्रारकडे रीतसर नोंदवायचा ठरलाय. पुण्याच्या जोडप्याची हरकत नाही. मुद्रांक शुल्क कुणी भरायचं, एवढ्यावर बोलणी अडलीत.