काट्यावरचं तिकीट

(दृश्य : दादर स्थानक, सकाळची गर्दी)

मुंबईच्या फलाटांवर पूर्वी वजनाची यंत्रं असायची. लुकलुकणारे दिवे, गरगरणारी चकती. नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. बायका आधी भविष्य वाचायच्या.

आता लेडीज डब्यात शेजारीणच वजन सांगते. ‘अगं, केवढी बारीक झालीस! काय करतेस?’ समोरची नुसती हसते. रात्रीचं जेवण सोडून तिला तीन आठवडे झालेत.

घरी ते लपवायला फार हुशारी लागत नाही. ‘आज माझा उपवास’ म्हटलं की कुणी आग्रह करत नाही, उलट सासू कौतुक करते. उपवास काही नवा नाही. पण आजीचा उपवास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी : खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. हिच्या उपवासाला काळी कॉफी आणि अर्धी काकडी.

(दृश्य : रात्र, मोबाइलचा उजेड)

दिवसभर न खाणारी ही बाई परतीच्या गाडीत पुरणपोळीचे व्हिडिओ बघते. विचित्र वाटेल, पण उपाशी माणसाचं असंच होतं. १९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, दिवसाला साधारण १५७० कॅलरींवर. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पुढे पोटभर मिळू लागलं, तरी कित्येकांची भूक भागेना. आणि आपल्याकडे जिममधल्या डाएट चार्टवर बाईला सर्रास १२०० लिहून देतात!

मग साडेअकराला, फ्रिजच्या दाराशी, उभ्यानंच : गार भात, फरसाण, मुलाच्या डब्यात उरलेला केक. सकाळी शरम, आणि पुन्हा उपवास. अशा अनावर खाण्याला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत स्वतंत्र आजाराची जागा मिळाली ती २०१३मध्ये. घरात त्याला ‘जिभेवर ताबा नाही’ असंच म्हणतात.

केस गळतात म्हणून ती त्वचारोगतज्ज्ञाकडे जाते, पाळी चुकते म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. चक्कर येते त्याचं तर काहीच वाटत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला, तेव्हा अशक्तपणा हा बायकांचा धर्मच समजला जातो. मानसोपचारतज्ज्ञाचा नंबर शेवटी लागतो, लागलाच तर.

(दृश्य : लोअर परळ, कार्यालयातली जेवणाची सुट्टी)

डबे उघडतात. मैत्रीण थालीपीठाचा तुकडा पुढे करते.

‘नको गं, उपवास आहे.’

‘बुधवारी कसला उपवास?’